धरणात गेलेलं गाव जुन्या नकाशात शोधायचंय. पण नेमक्या कुठल्या जिल्ह्याच्या पुस्तकात?

भीमाकाठची (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या आजीचं माहेर उजनी धरणात गेलं. धरण १९८०ला पूर्ण झालं, पण घरं त्याच्या आधीच उठली होती. आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. तिच्या तोंडून गाव ऐकत आम्ही सगळी नातवंडं मोठी झालो: काठावरचं महादेवाचं देऊळ, पाटलाच्या वाड्यामागची विहीर, नावेत बसून इंदापूरच्या बाजाराला जाणं, लांबून येणारी आगगाडीची शिट्टी. त्या गावाची एक छोटी पुस्तिका घरच्यांसाठी करायची आहे. नुसत्या आठवणी मला पुरेशा वाटत नाहीत. कागदावर गाव कुठे होतं, किती घरांचं होतं, जमीन कसली होती, हे पुस्तकांतून आणि नकाशांतून काढायचं आहे.

आतापर्यंत केलेलं: आजी कायम "इंदापूरकडचं" म्हणते, म्हणून आमच्या भागातल्या एका मोठ्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसून मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड (१८८५, तीन भाग) पालथा घातला. इंदापूर तालुका नीट वाचला. गाव नाही. मग पुणे जिल्ह्याचीच १९५४ची सुधारित आवृत्ती पाहिली. तिच्यातही नाही. मागच्या खिशातला घडीचा नकाशा कुणीतरी केव्हाच फाडून नेलेला. दोरा तेवढा शिल्लक होता. मोबाइलवरच्या नकाशात त्या जागी निळं पाणी.

चार महिने गेले. आता कुठे बघू?

(गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, घरातल्या काहींना ते जाहीर नको आहे.)

टवाळ

पाणी आटेपर्यंत थांबा. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ कोरड्या उन्हाळ्यात वर येतं तसं तुमचंही येईल.

टवाळ

बरं, आता कामाचं. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकी लष्कराची भारताची एक जुनी नकाशामालिका स्कॅन करून फुकट ठेवली आहे. मालिकेचं नाव 'यू ५०२', प्रमाण १:२,५०,०००. नकाशे १९५०च्या आसपासचे, म्हणजे उजनीच्या खूप आधीचे. भीमा त्यात नदीसारखी दिसते, तलावासारखी नाही. लहान वाडी सापडेलच असं नाही, पण सुरुवातीला बरं.

साखळीवाला

ताई, मी भूमी अभिलेखमध्ये मोजणीला होतो, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. तुमचा मजकूर दोनदा वाचला. एक वाक्य तुम्ही लिहून गेलात आणि त्याच्याकडे तुमचंच लक्ष नाही.

"नावेत बसून इंदापूरच्या बाजाराला."

इंदापूर भीमेच्या दक्षिणेला. गाव इंदापूर तालुक्यातलं असतं तर बाजाराला नाव कशाला लागली असती? चालत नाहीतर बैलगाडीने गेले असते. आजीचं गाव उत्तर काठावरचं असणार. इंदापूरसमोरचा उत्तर काठ म्हणजे बहुतेक करमाळा तालुका, आणि करमाळा म्हणजे सोलापूर जिल्हा. पुण्याचा खंड वर्षभर चाळलात तरी ते मिळायचं नाही. सोलापूरचा खंड काढा, विसावा, १८८४चा.

आजी खोटं बोलत नाही. बाजार इंदापूरचा, सोयरीक इंदापूरकडची, म्हणून गाव "इंदापूरकडचं". माणसं बाजारावरून आपला मुलूख सांगतात. तालुका कुठला, ते तलाठ्याला ठाऊक असतं.

भीमाकाठची

काका, अक्षरशः डोक्यावर हात मारून घेतला. चार महिने!

ग्रंथपाल_काकू

साखळीवाल्या काकांना शंभर गुण. मी एका 'अ' वर्गाच्या वाचनालयात तीस वर्षं संदर्भ विभाग सांभाळला, त्यामुळे थोडं लांबण लावते.

गॅझेटियरमध्ये गाव सापडलं नाही म्हणजे गाव नव्हतं, असं समजू नका. मुंबई गॅझेटियरचे संपादक कॅम्पबेल, त्यांच्या त्या मालिकेत शेवटी 'स्थळं' असं प्रकरण असतं. त्यात किल्ला, मोठं देऊळ, जत्रा किंवा बाजारपेठ असलेली गावंच येतात. शे-दीडशे उंबऱ्यांचं काठावरचं गाव तिथे का यावं? त्या खंडांचा खरा उपयोग इतर प्रकरणांसाठी. तालुक्याची जमीन, पीकपाणी, विहिरी, रस्ते, सावकारी, दुष्काळ. तुमच्या आजीचे पणजोबा कसे जगत असतील ते तिथे वाचा.

गावाचं नाव हवं असेल तर तीन ठिकाणं बघा.

पहिलं, जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचे अहवाल. मुंबई सरकारच्या 'सिलेक्शन्स' नावाच्या मालिकेत तालुकावार छापलेले आहेत. कंटाळवाणी पुस्तकं, कुणी हात लावत नाही, म्हणून बहुधा धडही असतात. मजकूर सोडून थेट परिशिष्टाकडे जा. गावागणिक तक्ते असतात, दर, आकार, कित्येकदा विहिरी आणि लोकसंख्यासुद्धा. तुमच्या भागाला याचा मोठा इतिहास आहे: गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी १८३६ साली इंदापुरातच सुरू झाली आणि पुढे तीच पद्धत इलाखाभर गेली. त्या आधी प्रिंगलची मोजणी झाली होती, ती फसली. तीस वर्षांनी, १८६७ला, इंदापूरचे दर पुन्हा ठरले आणि भरपूर वाढले. १८७५च्या दख्खनच्या दंग्यांची (शेतकऱ्यांचे सावकारांविरुद्धचे) कारणं शोधणारे या वाढलेल्या दरांपाशी येतातच.

दुसरं, १९६१च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका. धरणाच्या आधीची, गाववार यादी असलेली. घरं किती, माणसं किती, क्षेत्र किती, सगळं एका ओळीत. १९७१चीही बघा. दोन्हींतले आकडे शेजारी ठेवलेत तर गाव हलायला लागलं होतं का, तेही कळेल.

तिसरं, शासनाचं राजपत्र. धरणासाठी जमीन घेताना १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली कलम ४ आणि कलम ६च्या अधिसूचना निघत. त्यांत गाव, तालुका, सर्व्हे नंबर, क्षेत्र असं सगळं छापून येई. जुने अंक चाळायला चिकाटी लागते, पण गाव कागदोपत्री नाहीसं कसं होत गेलं ते तिथेच दिसतं.

आणि हो, 'गॅझेट' म्हणजे राजपत्र आणि 'गॅझेटियर' म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा ग्रंथ, सरकारी मराठीत दर्शनिका. काउंटरवर येऊन लोक एक मागतात आणि दुसरं मिळालं की माझ्यावर चिडतात. आयुष्यभर पाहिलं आहे.

मांजराकाठ

काकूंनी गॅझेट-गॅझेटियरचा विषय काढलाच आहे म्हणून विचारतो, सध्या बातम्यांत जे 'हैदराबाद गॅझेट' चालू आहे ते

संपादक मंडळ

आरक्षणावरची चर्चा या धाग्यावर नको. त्यासाठी वेगळे धागे आहेत. वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे.

मांजराकाठ

ठीक आहे. माझा खरा मुद्दा वेगळाच होता, तो सांगतो.

तुम्ही मंडळी सगळं मुंबई इलाख्याच्या हिशेबाने बोलता. आमचा बीड जिल्हा १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. कॅम्पबेलच्या खंडांत आमचं गाव शोधणाऱ्याला काय मिळणार? आजचं महाराष्ट्र राज्य १ मे १९६०चं. त्याआधीचा 'महाराष्ट्राचा इतिहास' एका कपाटात नसतो, तीन-चार कपाटांत विखुरलेला असतो. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ला द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच्या आधीचे बरेच कागद हैदराबादला, तारनाक्याच्या अभिलेखागारात, फारसीत आणि उर्दूत. छापील पुस्तकांत बिलग्रामी आणि विलमॉट यांचे निजाम राज्यावरचे दोन खंड (१८८३-८४) आणि इंपीरियल गॅझेटियरचा हैदराबाद संस्थानाचा १९०९चा खंड. एवढ्यावर भागवावं लागतं.

त्यातही गाव खालसा (थेट सरकारचं) होतं, जहागिरीचं होतं, पायगाचं (निजामाच्या खास सरदार घराण्यांचं) होतं की सर्फ-ए-खास म्हणजे निजामाच्या खासगीतलं, ते आधी कळायला हवं. त्यावरून कागद कुठल्या दफ्तरात असेल ते ठरतं. माझं आजोळ उदगीरकडचं. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६पर्यंत बिदर जिल्ह्यात. मग उस्मानाबाद जिल्ह्यात. १९८२ला लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यात. आता उस्मानाबादचं धाराशिव. एका माणसाच्या हयातीत गाव तसूभर न हलता तीन जिल्हे झाले. कॅटलॉगमध्ये 'लातूर' टाकून बसलात तर १९८२च्या आधीचं फारसं काही हाती लागणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या वऱ्हाडाचं त्याहून वांधं हाय बाप्पा. १८५३ला निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिला. मालकी निजामाची, कारभार हैदराबादच्या रेसिडेंटचा. १९०२ला कायमचा पट्टा झाला आणि १९०३ला मध्य प्रांताला जोडला. म्हणजे पन्नास वर्षं आम्ही धड इकडचे नाही न् धड तिकडचे नाही.

याचा फटका कुठे बसला सांगतो. लायलचं १८७०चं वऱ्हाडचं गॅझेटियर मी 'बेरार' या नावाखाली शोधत होतो. मिळेना. ते बसलं होतं 'ह'मध्ये, कारण पुस्तकाच्या नावात आधी येतं 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'! कार्ड ड्रॉवरमध्ये दोन तास गेले. चंद्रपूरकडच्या राजुऱ्यावाल्यांची तर अजून मजा. त्यांचा तालुका १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता.

माझी सवय आता पक्की झाली. कुठलंही गाव घेतलं की पहिल्यांदा कागदावर लिहितो: अमुक साली हे कोणाच्या राज्यात? कुठला जिल्हा? कुठला तालुका? मग ग्रंथालयात पाय ठेवतो.

ग्रंथपाल_काकू

हे छापून भिंतीवर लावावं असं आहे. १९६०ला २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. रायगडचं जुनं पुस्तक कुलाब्याच्या नावाने, सिंधुदुर्गचं रत्नागिरी-सावंतवाडीच्या खंडात (दहावा, १८८०), नंदुरबारचं खानदेशात (बारावा, १८८०), पालघरचं ठाण्यात. सांगलीच्या माणसाने 'दक्षिण सातारा' हे नाव लक्षात ठेवावं, १९६०पर्यंत जिल्ह्याचं नाव तेच होतं. संस्थानी गावं असली तर आणखी वेगळा घोळ, भोर, फलटण, औंध, मिरज, जत, जव्हार, सगळ्यांचे कारभार वेगळे.

शंकासुर

सगळं वाचलं. एक मूलभूत शंका. ही गॅझेटियरं साहेबाने राज्य चालवायला लिहिली. जातीजमातींची वर्णनं वाचून अंगावर काटा येतो, कोण आळशी, कोण गुन्हेगार, कोण 'राजनिष्ठ'. असल्या पुस्तकांवर आपल्या गावाचा इतिहास उभा करायचा? आपल्या इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून मूळ कागद गोळा केले ते उगाच? १८९८ला त्यांनी साधनांचा पहिला खंड काढला, पुढे असे २२ खंड झाले. कागद आपले, भाषा आपली. ते सोडून आपण कॅम्पबेल चाळत बसतो.

ग्रंथपाल_काकू

शंका रास्त आहे, निष्कर्ष नाही.

जातींची वर्णनं तुम्ही म्हणता तशीच आहेत. ती त्या काळच्या साहेबाच्या डोक्यात काय होतं याचा पुरावा म्हणून वाचावीत, आपल्या लोकांचा पुरावा म्हणून नाही. पण त्याच खंडात तालुक्यातल्या विहिरी मोजलेल्या असतात. विहिरींच्या आकड्याला राजनिष्ठा नसते. शिवाय सगळं साहेबानेच लिहिलं असंही नाही. पहिल्या खंडाच्या दुसऱ्या भागात (१८९६) दख्खनचा प्राचीन इतिहास रा. गो. भांडारकरांनी लिहिला आहे, आणि पंडित भगवानलाल इंद्रजींचं कामही त्या मालिकेत आहे.

राजवाड्यांचे खंड मी डोक्यावर घेईन. पण त्यांत प्रामुख्याने राजकारणाची पत्रं. करमाळ्याच्या काठावरच्या एका गावात १८८०ला किती बैल होते हे त्यांत कसं मिळणार?

शंकासुर

बैलांचं मान्य. बाकी माझं मत कायम.

साखळीवाला

मतं असू द्यात. ताईंचं गाव अजून पाण्यातच आहे.

नकाशाचं सांगतो. सर्व्हे ऑफ इंडियाचे एक इंच म्हणजे एक मैल प्रमाणाचे जुने शीट मिळवा, १:६३,३६०. मेट्रिक झाल्यावर १:५०,००० आले. शीटचे नंबर लोकांना कोडं वाटतात, पण पद्धत सोपी आहे. चार अंश गुणिले चार अंशाच्या मोठ्या चौकोनाला एक आकडा. आपला पश्चिम महाराष्ट्र बराचसा ४७मध्ये येतो. त्याचे एक-एक अंशाचे सोळा तुकडे, त्यांना इंग्रजी अक्षरं, ए ते पी. अक्षरं आडवी जात नाहीत, वरून खाली उतरतात आणि मग पुढच्या उभ्या ओळीत जातात. प्रत्येक तुकड्याचे पुन्हा सोळा, पंधरा-पंधरा मिनिटांचे, त्यांना १ ते १६. पुणे शहराचा जुना भाग ४७ एफ/१४. तुमचा काठ ७५ रेखांशाच्या आजूबाजूला, म्हणजे ४७ जे/१६ आणि ४७ एन/४ यांच्या सांध्यावर. दोन्ही शीट मागा. हवं ते गाव नेहमी शीटच्या कडेलाच येतं, हा माझा नोकरीतला अनुभव.

शीट हातात आलं की आधी गाव शोधू नका. खालची पट्टी वाचा. छपाईचं साल एक असतं, मोजणीचं दुसरं. मधे कधी कधी वीस-तीस वर्षांचं अंतर. छापलंय नंतर, पण गाव दाखवलंय मोजणीच्या सालचं. मधल्या काळात वस्ती हलली असेल, रस्ता झाला असेल, ते त्यात नाही. कित्येक शीटवर रेल्वे किंवा रस्ता तेवढा नंतर दुरुस्त केलेला असतो आणि बाकी सगळं जुनंच. लोक छपाईच्या सालावरून भांडतात आणि दोघंही चुकतात.

आणि जुन्या शीटवरून जागा काढून ती आजच्या उपग्रहचित्रावर थेट ठेवू नका. जुन्या नकाशांचा पृथ्वीचा आधारच वेगळा, एव्हरेस्टचा. आजचा जीपीएसचा वेगळा. ठिकाण सरकतं. न बुडालेली तीन-चार ठिकाणं, जुनं देऊळ, रेल्वेपूल, टेकडीचा माथा, दोन्हींत जुळवून घ्या आणि मग मधलं गाव बसवा. तुमच्याकडे डिकसळचा जुना पूल आहे. पुण्याहून डिकसळपर्यंत गाडी १८५८ला आली, नि आजीची शिट्टी त्याच लोहमार्गाची.

टवाळ

काका, तुम्ही वेगळा धागाच काढा. मी चहा घेऊन पहिल्या रांगेत बसतो.

भीमाकाठची

दीड महिन्याने परत आले, माफ करा. बातमी आहे आणि घोळही आहे.

सोलापूरचा विसावा खंड वाचला. काकू म्हणाल्या तसंच, 'स्थळां'मध्ये गाव नाही. पण १९६१च्या सोलापूरच्या जनगणना पुस्तिकेत, करमाळा तालुक्याच्या यादीत, गाव आहे! मी ग्रंथालयात एवढ्या मोठ्याने "सापडलं" म्हणाले की शेजारचे स्पर्धा परीक्षावाले बघायला लागले.

घोळ असा. त्याच नावाचं एक गाव इंदापूरच्या यादीतही आहे. एक बुद्रुक, एक खुर्द. आजी नुसतं नाव घेते, पुढे काही लावत नाही. माझं कुठलं?

साखळीवाला

बुद्रुक म्हणजे मूळचं मोठं, फारसी 'बुजुर्ग'वरून. खुर्द म्हणजे धाकटं. एका गावाची दोन झाली की अशी नावं पडतात, आणि मधे नदी किंवा ओढा असणं अगदी नेहमीचं. मात्र आज खुर्द मोठं आणि बुद्रुक लहान, असंही भरपूर ठिकाणी दिसतं, तेव्हा लोकसंख्येवरून ठरवू नका.

आजीला नाव विचारूच नका. विचारा, सकाळी नदीवर पाण्याला जाताना ऊन कुठून लागायचं.

भीमाकाठची

विचारलं! म्हणाली, "जाताना डावीकडून." म्हणजे तोंड दक्षिणेला, नदी दक्षिणेला, गाव उत्तर काठावर. करमाळ्याचंच. वर मला म्हणाली, एवढं शिकून तुला हे पुस्तकात बघावं लागतं?

मांजराकाठ

आजींना साष्टांग.

कागदकिडा

उशिरा आलो. १८३६च्या मागे जायचं असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आहे. इतिहासकार सरदेसायांनी त्यातून निवडून ४५ खंड छापले (१९३०-३४), पण ती निवड झाली. गावपातळीचे हिशेब, ताळेबंद, गावझाडे हे बहुतेक अजून रुमालांतच (कापडी गाठोड्यांत) बांधलेले आहेत, मोडीत. मोडी येत नसेल तर शिकून घ्या, तीन-चार महिन्यांत ओळखीचे शब्द वाचता येतात. हिशेबाचे कागद सर्वांत सोपे, शब्द तेच तेच येतात.

फक्त सालाला फसू नका. कागदावर "इसन्ने सबैन मया व अलफ" असं असतं. उलट्या क्रमाने वाचायचं: दोन, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे सुहूर सन (मराठी दफ्तरातली जुनी कालगणना) ११७२. त्यात ५९९ मिळवा, १७७१-७२. वर्ष जूनमध्ये मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मेमधल्या कागदाला ६०० मिळवावे लागतात. फसली असेल तर ५९०, शक असेल तर ७८. एका वर्षाची चूक किरकोळ वाटते, पण दुष्काळाच्या सालचा वसूल सुकाळात मांडला जातो.

वऱ्हाडी_ठेचा

वाखु (वाचनखूण) साठवली.

भीमाकाठची

शेवटचा अहवाल देते.

बंदोबस्ताचा अहवाल एका जुन्या वाचनालयात मिळाला. झेरॉक्सला परवानगी नव्हती, पानं बोटाला लागून तुटत होती. तिथल्या बाईंनी फ्लॅशशिवाय फोटो काढू दिले. परिशिष्टात गावाची एक ओळ आहे, त्यात विहिरींचा आकडाही आहे. गावाचं इंग्रजी स्पेलिंग इतकं विचित्र की मी आधी दोनदा ती ओळ ओलांडून गेले होते. मोठ्याने वाचल्यावर कळलं. (हा सल्ला माझ्याकडून: १८७०च्या आधीची इंग्रजी नावं डोळ्यांनी शोधू नका, ओठांनी शोधा. साहेबाने कानाला आलं तसं लिहिलं आहे.)

दोन्ही शीट मिळाली. गाव काका म्हणाले तसं कडेलाच आहे, अर्धी वस्ती एका शीटवर आणि पांदण दुसऱ्यावर. दोन्हींचे प्रिंट चिकटवून आजीसमोर पसरले. तिला वाचता येत नाही. नदीची रेघ दाखवली तर तिने वळणावर बोट ठेवलं आणि तिथून मागे मागे आणत गेली. देवळाचं चिन्ह बरोबर त्या वाटेवर होतं. मग म्हणाली, "विहीर चुकीची काढलीय. वाड्याच्या मागं होती, ही पुढं आहे." मी म्हटलं, अगं सरकारी मोजणी आहे. तर म्हणाली, सरकार पाणी भरायला आलं होतं का?

आता पुस्तिकेत काय लिहू? नकाशाचं की आजीचं?

शंकासुर

आजीचं. प्रश्नच नाही.

ग्रंथपाल_काकू

दोन्ही लिहा, आणि कुठलं कुठून आलं तेही लिहा. तीस वर्षांनी तुमची पुस्तिका कुणीतरी संदर्भ म्हणून मागणार आहे. एक प्रत गावच्या, म्हणजे नव्या गावठाणातल्या वाचनालयाला द्या, आणि दाखल क्रमांक पडेपर्यंत तिथून हलू नका.

साखळीवाला

घाई करू नका. विहिरी दोन असतील. बंदोबस्ताच्या तक्त्यात विहिरींचा आकडा आहे म्हणालात ना, तो किती? आणि शीटवरचं चिन्ह बांधीव विहिरीचं आहे की कच्च्या, ते कडेच्या सूचीत बघून सांगा. मोजणीचं सालही कळवा. तुमच्या आजीच्या जन्माआधीची मोजणी असेल तर ती विहीर बुजवून मागे नवी खोदली असेल, आणि मग दोघंही बरोबर.

भीमाकाठची

आकडा चार आहे. शीट भावाकडे राहिलंय, रविवारी बघून सांगते.